वाया जाणारी उष्णता चढवून समुद्राचं पाणी गोडं करायचं, पण कधी?

पाणी ४५ अंशांना उकळताना मी पहिल्यांदा बघितलं ते जहाजाच्या इंजिन रूममध्ये. फ्रेश वॉटर जनरेटर नावाचं एक मशीन असतं, माणसाच्या उंचीचा एक बंद डबा, आत टायटॅनियमच्या प्लेट्स, आणि पुढे एक छोटी गोल काच. त्या काचेतून टॉर्च मारून बघितलं की आत पाणी धडाधड उकळतंय आणि बाहेरून डब्याला हात लावला तर आंघोळीच्या पाण्याएवढं गरम, बस. आत ९० टक्क्यांच्या वर व्हॅक्यूम असतो म्हणून पाणी एवढ्या कमी तापमानाला उकळतं. आणि ते उकळवायला वेगळं इंधन काही लागत नाही, मेन इंजिनाचं जॅकेट, म्हणजे सिलिंडरभोवतीचं पाण्याचं आवरण, थंड करून जे ८०-८५ अंशांचं पाणी बाहेर येतं तेच या प्लेट्समधून फिरवतात. म्हणजे जी उष्णता एरवी समुद्रात टाकून द्यायची, तिच्यावरच खलाशांचं पिण्याचं, आंघोळीचं आणि बॉयलरचं पाणी तयार होतं. सॅलिनोमीटरवर खारटपणा १० पीपीएमच्या वर गेला की अलार्म होतो आणि सोलेनॉइड वाल्व्ह ते पाणी टाकीत जाऊच देत नाही, इतकं शुद्ध.

वेस्ट हीटवर, म्हणजे वाया जाणाऱ्या उष्णतेवर, डिसॅलिनेशन (खारं पाणी गोडं करणं) ही काही नवीन कल्पना नाही हे सांगायला एवढं लिहिलं. जहाजांवर ते कित्येक दशकं चालू आहे. मला आज लिहायचंय ते त्याच्या पुढच्या पायरीबद्दल, म्हणजे उष्णता आहे पण ती पुरेशी गरम नाही, मग तिला आधी अपग्रेड करायचं, तापमान चढवायचं आणि मग तिच्यावर समुद्राचं पाणी गोडं करायचं. यावर भरपूर पेपर्स निघतात, आणि मी बरीच वर्षं हा विषय मनात धरून बसलोय, कागदावर हिशोब करून बघितलेत, आणि माझं मत मधे एकदा पूर्ण बदललंय.

माझ्यासाठी सुरुवात झाली ती स्लो स्टीमिंगमुळे. इंधन वाचवायला जहाज हळू चालवायला लागले की इंजिनावरचा लोड कमी, मग जॅकेटमधून निघणारी उष्णता पण कमी, आणि जनरेटरचं पाणी रोज थोडं थोडं घटत जातं. टाकीचं साउंडिंग घ्यायला, म्हणजे पाण्याची पातळी मोजायला, जायचो तेव्हा मार्किंग रोज खाली सरकलेलं दिसायचं, मग कपडे धुण्यावर बंधनं, डेक धुण्यावर बंधनं. एका रात्री वॉचवर असताना सेकंड इंजिनिअर साहेब स्कॅव्हेंज एअर कूलरच्या (इंजिनात जाणारी गरम हवा थंड करणाऱ्या कूलरच्या) आउटलेट पाइपवर हात ठेवून म्हणाले, "अरे जॅकेटपेक्षा दुपटीनं उष्णता इथून जातेय, हिला जरा वर नाही का चढवता येणार?" आणि त्यांचं बरोबर होतं. फुल लोडला एअर कूलरमधून जाणारी उष्णता जॅकेटच्या दुपटीहून जास्त असते, फक्त ती बाहेर पडेपर्यंत ४०-५० अंशांची कोमट होऊन पडते.

उष्णता किती आहे आणि किती तापमानाला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा खऱ्या अर्थानं समजलं.

आता थोडे आकडे, कारण त्यांच्याशिवाय या विषयात नुसत्या गप्पा होतात. हजार लिटर पाण्याची वाफ करायला साधारण ६५० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. म्हणजे १ मेगावॅट उष्णता दिवसभर वापरली तर एकदाच उकळवून दिवसाला ३६ टन पाणी मिळतं, जहाजाला तेवढं रग्गड झालं. पण जमिनीवरच्या मोठ्या प्लांटमध्ये एकदाच उकळवून सोडत नाहीत. पहिल्या डब्यात तयार झालेली वाफ दुसऱ्या डब्याच्या नळ्यांमध्ये नेऊन कंडेन्स करतात, ती कंडेन्स होताना जी उष्णता सोडते तिच्यावर दुसऱ्या डब्यातलं पाणी उकळतं, मात्र थोड्या कमी दाबाला आणि थोड्या कमी तापमानाला, मग त्याची वाफ तिसऱ्यात, अशी साखळी. प्रत्येक डब्याला इफेक्ट म्हणतात आणि या पद्धतीला मल्टी इफेक्ट डिस्टिलेशन, थोडक्यात एमईडी. दहा-बारा इफेक्ट असले की तीच उष्णता आठ-दहा वेळा वापरली जाते आणि हजार लिटरला ६५० ऐवजी ६५-८० युनिट पुरतात.

एका इफेक्टपासून दुसऱ्यापर्यंत निदान अडीच-तीन अंशांचा उतार लागतो. म्हणजे किती इफेक्ट बसवता येतील हे वरचं तापमान आणि खालचं तापमान यातल्या अंतरावर ठरतं. खालची बाजू समुद्राच्या पाण्यावर अवलंबून, तिथे ३५-४० अंशांच्या खाली फारसं जाता येत नाही. आणि वरची बाजू ७० अंशांच्या आसपास थांबते, ती क्षारांमुळे. मीठ, साखर गरम पाण्यात जास्त विरघळतं हे आपल्याला माहीत असतं, पण समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम सल्फेट उलटं वागतं, गरम केलं की बाहेर पडून प्लेट्सवर बसतं, आणि कार्बोनेट, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पण तापमान वाढलं की जमायला लागतात. ज्यानं एकदा जनरेटर उघडून प्लेट्सवरचा तो पांढरा दगडासारखा थर अॅसिडनं धुतलाय, त्याला ७० ची मर्यादा पुन्हा समजावून सांगावी लागत नाही. मल्टी स्टेज फ्लॅशचे, म्हणजे गरम पाणी पायरीपायरीनं कमी दाबात सोडून वाफ काढणारे, जुने मोठे प्लांट ९० ते ११० अंशांपर्यंत जातात, पण क्षार बसू नयेत म्हणून अँटीस्केलंट डोस करून आणि फार जपून.

मग आपल्याकडे ४० अंशांची उष्णता आहे आणि पाहिजे ७० ची. सगळ्यात आधी जे डोक्यात येतं ते हीट पंप. फ्रिजचंच तत्त्व, कॉम्प्रेसर लावायचा, इकडून कोमट उष्णता घ्यायची आणि तिकडे गरम करून द्यायची. मी पण तेच केलं, कागद घेतला आणि हिशोब मांडला. ४० वरून ७० ला न्यायला, हीट एक्सचेंजरमधले तोटे धरून, चांगला हीट पंप एका युनिट विजेमागे चार-पाच युनिट उष्णता देईल. ऐकायला छान. पण हजार लिटरला ६५ युनिट उष्णता पाहिजे म्हणजे १३ ते १६ युनिट वीज झाली. आणि आरओचा, म्हणजे पाणी दाबानं बारीक पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) गाळणाऱ्या रिव्हर्स ऑस्मॉसिसचा, आधुनिक प्लांट तेच हजार लिटर समुद्राचं पाणी ३-४ युनिट विजेत गोडं करून देतो. संपला विषय! इथे वाद घालायला जागाच नाही. निसर्गाचा किमान दर, म्हणजे निम्मं पाणी काढून घ्यायचं धरलं तर हजार लिटरला साधारण १ युनिट, आणि आरओ त्याच्या तिप्पट-चौपटीपर्यंत येऊन पोचलाय, म्हणून तर जगातल्या डिसॅलिनेशन क्षमतेचा दोन तृतीयांशाहून जास्त वाटा आज आरओचा आहे. त्यामुळे विजेवर उष्णता चढवून साध्या समुद्राच्या पाण्याची वाफ करायची असं कोणी म्हणालं की मी आधी हा आकडा विचारतो.

यानंतर मला सापडला अॅब्सॉर्प्शन हीट ट्रान्सफॉर्मर, आणि खरं सांगतो, कित्येक दिवस मी त्याच्याच विचारात होतो. यात कॉम्प्रेसर नाही, वीज लागते ती फक्त छोट्या पंपांना. उष्णतेनंच उष्णता चढवायची.

कसं ते सांगतो. आत लिथियम ब्रोमाइड नावाच्या क्षाराचं दाट द्रावण असतं, पाण्याच्या वाफेसाठी अक्षरशः वखवखलेलं. समजा आपल्याकडे ८० अंशांची वाया जाणारी उष्णता आहे. तिचा अर्धा भाग वापरून एका भांड्यात साधं पाणी उकळवायचं. ती वाफ शेजारच्या भांड्यात जाते, तिथे हे दाट द्रावण नळ्यांवरून ओघळत असतं आणि ते वाफ पिऊन घेतं. वाफ द्रावणात शिरताना आपली सगळी उष्णता सोडते, पण हे द्रावण त्याच दाबाला साध्या पाण्यापेक्षा तब्बल ३५-४० अंशांनी जास्त तापमानाला उकळणारं आहे, म्हणून ती उष्णता ११५-१२० अंशांना बाहेर पडते. ८० ची वाफ आत गेली आणि ११५ ची उष्णता बाहेर आली. मग पातळ झालेलं द्रावण पुन्हा दाट करायला उष्णतेचा उरलेला अर्धा भाग वापरायचा, त्यातून निघालेली वाफ समुद्राच्या पाण्यानं थंड करायची, आणि चक्र परत चालू.

यातली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. समुद्राचं पाणी डिस्टिल करताना मीठ आपल्या विरोधात असतं, मिठामुळे पाणी अर्धा-एक अंश जास्त तापमानाला उकळतं आणि प्रत्येक इफेक्टमध्ये तेवढा उतार फुकट जातो. आणि हीट ट्रान्सफॉर्मरमध्ये क्षाराचा हाच गुण, पाणी धरून ठेवायचा, कितीतरी मोठ्या प्रमाणावर आपल्या बाजूनं कामाला लावलेला आहे. ज्यांनी हायड्रॉलिक रॅम पंप बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. ओढ्याचं भरपूर पाणी थोडंसं खाली पडतं आणि त्या जोरावर त्यातलंच थोडं पाणी उंच टाकीत चढतं, ना वीज ना डिझेल. इथे पाण्याच्या जागी उष्णता आहे. निम्मी उष्णता ८० वरून समुद्राच्या तापमानापर्यंत खाली पडते आणि उरलेल्या निम्मीला ११५ पर्यंत वर ढकलते.

निम्मी. इथेच सगळं अडतं.

ट्रान्सफॉर्मरला १०० युनिट उष्णता दिली की चढलेली मिळते ४५ ते ५०. आदर्श यंत्र असतं तरी ६० च्या आसपासच, तो निसर्गाचा नियमच आहे, मशीन कितीही चांगलं बनवा. आता एमईडीला जोडून बघा. ८० अंशांची उष्णता सरळ एमईडीला दिली तर ७० पासून ४० पर्यंत दहा इफेक्ट बसतात, म्हणजे दहापट वापर. चढवली तर उष्णता निम्म्याहून कमी आणि इफेक्ट तरीही दहाच, कारण क्षारांमुळे ७० च्या वर जाता येत नाही. पाणी निम्मं झालं की. बरं, उष्णता ६० अंशांची असेल तर? सरळ दिली तर ५६ पासून ४० पर्यंत पाच इफेक्ट. चढवून ७० ला नेली तर दहा इफेक्ट पण ०.४७ पट उष्णता, गुणाकार केला तर ४.७. पाच कुठे आणि ४.७ कुठे, एवढं मोठं मशीन, महागडा क्षार, गंजण्याची भीती, थंड झालं की द्रावणाचे खडे होऊन पाइप तुंबायची भीती, आणि हाती आलं जवळपास तेवढंच पाणी. मी हा गुणाकार तीनदा केला, कुठे चुकतंय का बघायला. चुकत नव्हतं. एमईडी स्वतःच तापमानाच्या उतारावर चालतं, तुम्ही निम्म्या उष्णतेचा उतार खर्च करून उरलेल्या निम्म्याचा उतार वाढवताय, शेवटी एकूण भांडवल तेच.

हे ढोबळ गणित आहे, खऱ्या प्लांटमध्ये गरम पाणी उष्णता देता देता थंड होत जातं, वगैरे. पण त्यातून उलट अजून एक गोष्ट दिसते. ८० चं पाणी पहिल्या इफेक्टमधून ७२ होऊन बाहेर पडलं तर ते टाकून का द्यायचं, त्याला पायरीपायरीनं कमी दाबात सोडून (फ्लॅश करून) निघालेली वाफ मधल्या इफेक्ट्सना द्यायची. यात कुठेही उष्णता चढवली नाही, फक्त जिच्या तापमानाला जी बसते तिथे दिली. मला आता हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

मग चढवणं सगळं बेकारच का? तर नाही, आणि माझं मत इथेच बदललं. जिथे थोडी तरी खूप गरम उष्णता हाताशी आहे, एक्झॉस्ट बॉयलरची वाफ म्हणा किंवा कारखान्यातल्या प्रोसेसची, तिथे चढवण्याचा खरा फायदा होतो. एमईडीच्या शेवटच्या इफेक्टमधून ३५-४० अंशांची वाफ निघते आणि ती समुद्राच्या पाण्यानं थंड करून टाकून देतात, ही प्लांटची स्वतःची वेस्ट हीट. जास्त दाबाची वाफ सरळ पहिल्या इफेक्टला दिली तर तिचं ते तापमान वायाच जातं कारण तिथे ७० पुरतात. त्याऐवजी ती एका नॉझलमधून जोरात सोडायची, तिचा झोत शेवटच्या किंवा मधल्या इफेक्टमधली कमी दाबाची वाफ खेचून घेतो, दोन्ही मिसळून मधल्या दाबाची वाफ तयार होते आणि ती पहिल्या इफेक्टला जाते. याला स्टीम इजेक्टर म्हणतात, एकही फिरता पार्ट नाही. चार-सहा इफेक्टचे प्लांट इजेक्टरच्या जोरावर आठ-दहा इफेक्टच्या बरोबरीचं पाणी काढतात ते यामुळेच.

आणि इजेक्टरपेक्षाही चांगलं म्हणजे तिथे लिथियम ब्रोमाइडचाच पंप लावायचा, पण ट्रान्सफॉर्मरच्या उलट्या पद्धतीनं. स्पेनमध्ये अल्मेरियाजवळ प्लाताफॉर्मा सोलार नावाचं सौरऊर्जेचं संशोधन केंद्र आहे, तिथे तासाला ३ घनमीटरचा, १४ इफेक्टचा एमईडी प्लांट आहे, त्याला डबल इफेक्ट अॅब्सॉर्प्शन हीट पंप जोडला होता. १८० अंशांची वाफ पंप चालवते, पंप शेवटच्या इफेक्टची ३५ अंशांची वाफ उचलतो आणि दोन्हींची मिळून उष्णता ६५-७० ला पहिल्या इफेक्टला देतो. उष्णतेची गरज त्यानं चांगलीच खाली आली. इथे निम्मी उष्णता फेकावी लागत नाही, उलट जी फेकली जात होती ती परत येते. फरक एवढाच की ढकलणारा वर उभा आहे. ट्रान्सफॉर्मरमध्ये कोमट उष्णतेला स्वतःलाच स्वतःला उचलायचं असतं.

यावर कोणी म्हणेल की आरओ ३-४ युनिटला देतोय तर एवढा खटाटोप कशाला. हा प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळू नये. एमईडीला उष्णता फुकट मिळाली तरी पंपांना हजार लिटरला दीड-दोन युनिट वीज लागतेच, म्हणजे आरओच्या तुलनेत बचत दीड-दोन युनिटची. तेवढ्यासाठी सगळीकडे एमईडी लावा असं मी म्हणणार नाही. पण काही ठिकाणी पारडं फिरतं. ज्या रिफायनरीत किंवा पॉवर प्लांटमध्ये वेस्ट हीट निघते तिथेच बॉयलरला अतिशुद्ध पाणी लागतं, आणि डिस्टिल्ड पाणी जवळजवळ तसंच असतं, आरओचं पाणी मात्र अजून एक-दोनदा गाळावं लागतं. समुद्रात शेवाळाचा लोट आला की मेम्ब्रेन चोक होतात, २००८-०९ मध्ये आखाताच्या किनाऱ्यावर रेड टाइड आली तेव्हा आरओ प्लांट बंद ठेवावे लागले होते, एमईडीला तो त्रास बराच कमी.

आणि तिसरी जागा म्हणजे ब्राइन, गोडं पाणी काढून घेतल्यावर उरलेलं दाट खारं पाणी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे जगभरातले प्लांट दिवसाला सुमारे ९.५ कोटी घनमीटर गोडं पाणी बनवतात आणि १४ कोटी घनमीटरच्या वर ब्राइन मागे सोडतात. समुद्राच्या पाण्याचा ऑस्मॉटिक दाब, म्हणजे मेम्ब्रेनमधून पाणी ढकलायला आधी जो दाब ओलांडावा लागतो तो, २७ बारच्या आसपास असतो, ते दुप्पट खारट झालं की नेहमीच्या मेम्ब्रेनचा ७०-८० बारचा दम संपत येतो. त्याच्या पुढे ब्राइन आणखी आटवायचं तर बहुतेक ठिकाणी वाफ करण्याच्याच पद्धती वापरतात. तिथे स्पर्धेला ३ युनिटवाला आरओ नाही, त्यामुळे चढवलेल्या उष्णतेचा, अगदी ट्रान्सफॉर्मरच्या निम्म्या उष्णतेचा सुद्धा हिशोब तिथे नव्यानं मांडायला पाहिजे. माझा पुढचा कागद त्यावरच चालू आहे.

एक गोष्ट राहिली. वेस्ट हीट वापरली म्हणजे समुद्र तापणं थांबलं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते तसं नसतं. एमईडीत गेलेली उष्णता शेवटच्या कंडेन्सरमधून आणि ब्राइनमधून बहुतेक सगळी समुद्रातच जाते. ती जाता जाता काम करून जाते, एवढाच आणि हाच फायदा.

सेकंड साहेबांच्या प्रश्नाचं उत्तर मला खूप नंतर, दुसऱ्याच जहाजावर मिळालं. तिथे आरओ युनिट होतं आणि आम्ही थंड समुद्रात होतो, समुद्राचं पाणी ८ अंश. थंड पाणी मेम्ब्रेनमधून सरकत नाही, एका अंशाला साधारण तीन टक्के उत्पादन घटतं, आणि दाब वाढवून वाढवून पंप अगदी मर्यादेला आला होता. चीफना विचारून आम्ही आरओला जाणारं पाणी सी चेस्टकडून (जहाजात समुद्राचं पाणी आत घेतात त्या जागेवरून) न घेता सेंट्रल कूलरच्या समुद्राच्या पाण्याच्या आउटलेटवरून घेतलं, म्हणजे इंजिनाची तीच कोमट उष्णता खाल्लेलं पाणी, २० अंशांचं. मेम्ब्रेनची मर्यादा ४५ ची, त्यामुळे तिकडून धोका नव्हता, फक्त पाणी गरम झालं की मीठ पण थोडं जास्त सुटतं म्हणून सॅलिनोमीटरवर नजर ठेवून उभा होतो. काटा किंचित हलला आणि थांबला. शेजारच्या फ्लोमीटरमधला फ्लोट मात्र हळूहळू वर सरकत गेला, आणि मी पंपाचा दाब कमी करायला वाल्व्हवर हात ठेवला.